पत्र्याच्या जुन्या ट्रंकेवर छापील कागदांचे कोलाज : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पत्र्याची ट्रंक कोल्हापूरला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यापाठोपाठ निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे या शहरात उभी राहिली. गावाकडून शिकायला येणाऱ्या मुलाबरोबर वळकटी आणि ट्रंक येणे हे मग ठरूनच गेले. त्यांतल्या कितीतरी ट्रंका आज माळ्यावर नाहीतर भंगाराच्या दुकानात पडून आहेत. अशी एखादी ट्रंक स्वस्तात घेऊन तिच्यावर जुने छापील कागद चिकटवून ती पुन्हा दिवाणखान्यात ठेवण्याजोगी कशी करावी, ते येथे क्रमाने सांगितले आहे. हीच कृती लाकडी पेटी, स्टूल किंवा ट्रे यांनाही लागू पडते. मात्र पहिल्या कामासाठी ट्रंक बरी, कारण तिचे पृष्ठभाग मोठे आणि बहुतांशी सपाट असतात, आणि गोलाईवर कागद बसवण्याची कटकट नसते.

या कलेला डेकुपाज म्हणतात. अठराव्या शतकात व्हेनिसमधील कारागीर चीन-जपानकडून येणाऱ्या महागड्या लाखकामाची नक्कल करताना छापील चित्रे कापून लाकडी सामानावर चिकटवीत आणि कागदाची कड बोटाला लागेनाशी होईपर्यंत त्यावर व्हार्निशचे हात देत. चांगल्या कामाची कसोटी आजही तीच आहे. नवशिक्यांचा सगळा जीव कागद चिकटवण्यावर असतो, पण त्याला एखादी संध्याकाळ पुरते. खरा वेळ आधीच्या घासकामात आणि नंतरच्या व्हार्निशमध्ये जातो. एकूण काम तीन ते चार आठवडे चालेल असे धरूनच सुरुवात करावी, आणि शक्यतो दिवाळी ते होळी या काळात करावी. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत डिंक वाळत नाही, व्हार्निश पांढरट पडते आणि पत्रा घासून ठेवला की दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा तांबूस गंज दिसू लागतो.

ट्रंक पारखून घेणे

ट्रंक उघडून रिकामी उजेडासमोर धरावी. तळाच्या कोपऱ्यांत टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, किंवा अंगठ्याने दाबल्यावर पत्रा कुरकुरला, तर तो आतून खाल्लेला आहे असे समजून ती सोडून द्यावी. वरवरचा गंज, पोचे आणि उडालेला रंग यांची काळजी नको. बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा शाबूत आहेत का ते पाहावे, कारण कागद लावल्यानंतर तेथे ठोकाठोकी करता येत नाही. काही ट्रंकांच्या झाकणावर पत्रा दाबून उठवलेल्या पट्ट्या असतात. त्यांच्यावरून कागद नेल्यास तो सुरकुततो, म्हणून पहिल्या खेपेला साध्या, सपाट झाकणाची ट्रंक पसंत करावी. शेतीची औषधे ठेवलेली ट्रंक वासावरून ओळखू येते. ती कितीही स्वस्त मिळाली तरी घरात आणू नये.

कोणता कागद कापावा आणि कोणता कापू नये

या विषयावर थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ट्रंक दुसरी मिळते, कागद मिळत नाही.

घरातल्या जुन्या कागदांचा गठ्ठा सोडला की प्रथम हस्तलिखित कागद बाजूला काढावेत. पत्रे, वह्या, हिशेब, जमिनीचे कागद यांना कात्री लावू नये. मोडी लिपी व्यवहारातून जाऊन सत्तर वर्षांवर काळ लोटल्यामुळे पणजोबांच्या पेटीतला एखादा कागद सनद आहे की किराणा मालाची यादी, हे बहुतेकांना वाचता येत नाही. आणि जे वाचता येत नाही ते नुसते दिसायला सुंदर म्हणून चिकटवून टाकण्याचा मोह होतो. कोल्हापुरात राज्य शासनाचे पुराभिलेखागार आहे आणि मोडी वाचणारे जाणकारही शहरात आहेत. कागद आधी त्यांच्या नजरेखालून जाऊ द्यावा. करवीर (कोल्हापूर) संस्थानाचे स्टँप असलेले कागदही याच गठ्ठ्यात ठेवावेत. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्यामुळे त्या कागदांत आता भर पडणार नाही, घटच होणार.

जुन्या चित्रपटांच्या गाण्यांच्या पुस्तिका आणि जाहिराती हा कोल्हापूरकरांचा दुसरा मोह. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली येथेच स्थापन झाली, ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा बोलपट येथेच तयार झाला आणि १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. त्या काळातली पुस्तिका कोणाच्या घरी निघालीच, तर ती कापणे म्हणजे शुद्ध नासधूस होय. असे कागद स्कॅन करून त्यांच्या प्रती वापराव्यात. प्रतीचा आणखी एक फायदा असा की चित्र हवे तेवढे लहान-मोठे करता येते आणि एक प्रत बिघडली तर दुसरी काढता येते.

मूळ कागदच वापरायचा असेल तर ज्याच्या अनेक प्रती सहज मिळतात तो घ्यावा : मागल्या वर्षांची पंचांगे, कॅलेंडरे, बांधणी सुटून पाने गळालेली पाठ्यपुस्तके, काडेपेट्यांवरची चित्रे, अडत दुकानातून आलेल्या गुळाच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे छापील कागद), एस.टी.ची जुनी छापील तिकिटे. कंडक्टरच्या यंत्रातून निघणारी आताची तिकिटे मात्र चालणार नाहीत. त्यांचा कागद उष्णतेने उमटणारा असल्यामुळे अक्षरे काही महिन्यांत उडतात किंवा गरम जागी सगळा कागदच काळवंडतो. वर्तमानपत्राच्या कागदाला दोन खोडी आहेत. त्यात लाकडाचा लिग्निन नावाचा घटक शिल्लक असल्याने तो उजेडात पिवळा पडत जातो, आणि डिंकाने ओला झाला की मागच्या बाजूचा मजकूर पुढे दिसू लागतो. पिवळेपणा हवाच असेल तर हरकत नाही; नको असेल तर जाड पांढऱ्या कागदावर प्रत काढावी. कागद जुना दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवण्याची रीत बरीच प्रचलित आहे, पण त्याने सगळ्या कागदांना एकसारखा मातकट रंग येतो आणि डोळ्याला ती बनावट लगेच कळते. प्रत काढतानाच पार्श्वभूमीला किंचित पिवळी छटा देणे अधिक चांगले.

खासबागेतल्या कुस्तीच्या मैदानाची हस्तपत्रके, त्यांतले ‘निकाली कुस्त्या’ आणि ‘जंगी मैदान’ हे ठसठशीत टाइप, पैलवानांचे गोलातले फोटो, हे सगळे ट्रंकेवर फार खुलून दिसते, आणि नेमका हाच कागद सर्वांत दगा देतो. गुलाबी, पिवळा किंवा हिरवा असा तो स्वस्त रंगीत कागद ओला झाला की त्याचा रंग सुटतो आणि गुलाबी ओघळ शेजारच्या पांढऱ्या कागदात शिरतो. तो नंतर कशानेही निघत नाही. म्हणून प्रत्येक कागदाची एक कोपरा ओल्या कापसाने दाबून परीक्षा घ्यावी. कापसाला रंग लागला तर तो कागद वापरू नये, त्याची प्रत वापरावी.

प्रत काढताना ती लेझर यंत्रावरच काढावी. कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांत रंगीत लेझर प्रत मिळते. लेझरची पूड उष्णतेने वितळून कागदावर बसलेली असते, त्यामुळे ती पाण्याने पसरत नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई बहुधा पसरते. कागद ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) पुरेसा आहे. याहून जाड कागदाची कड बुजवायला व्हार्निशचे हात फार द्यावे लागतात.

दोन गोष्टी येथेच सांगून ठेवतो. ट्रंकेवर घरातली माणसे बसणार असतील, पाय लागणार असेल, तर देवादिकांची चित्रे त्यावर लावू नयेत. कॅलेंडरातली चित्रे कितीही देखणी असली तरी पुढे घरात कुरबुर होते आणि ती रास्तही असते. दुसरे असे की, ट्रंक विकण्यासाठी सजवत असाल तर चित्राच्या हक्काचा विचार करावा. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या कृतीवर हक्क राहतो.

पत्रा तयार करणे

ट्रंक आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवावी. स्वयंपाकघरात वापरलेली असेल तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तेलकट थर आधी काढावा. तेलावर ना रंग बसत ना डिंक. धुतल्यावर लगेच फडक्याने कोरडी करून उन्हात ठेवावी.

जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावे हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते असे मानूनच वागावे. घासण्याचे काम घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश कागद) ओला करून करावे आणि निघालेला गाळ फडक्याने टिपून ते फडके फेकून द्यावे. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना या कामापासून दूर ठेवावे. गंजाच्या जागी आधी तारेचा ब्रश, मग ८० नंबर आणि नंतर २२० नंबरचा पॉलिश कागद फिरवावा. सगळा जुना रंग काढायची गरज नाही. जो घट्ट आहे तो राहू द्यावा, फक्त त्याची चकाकी मोडावी, म्हणजे वरच्या रंगाला पकड मिळते.

मोठे पोचे लांबी (पुट्टी) भरून सपाट करावेत. त्यानंतर रेड ऑक्साइड प्रायमरचा एक पातळ हात द्यावा आणि तो किमान एक दिवस वाळू द्यावा. त्यावर पॉलिश कागद हलका फिरवून पांढऱ्या किंवा फिक्या बदामी ॲक्रिलिक रंगाचे दोन हात द्यावेत. हा फिका थर दिसण्यासाठी नाही. पातळ कागद डिंकाने ओला झाला की थोडा पारदर्शक होतो, आणि खाली लाल प्रायमर असेल तर पैलवानाचा चेहरा तांबडा होतो.

कापणे

मोठ्या कात्रीने चित्र ढोबळ कापून घ्यावे, मग लहान टोकदार कात्रीने बारीक काम करावे. कात्रीचा हात स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने कागद फिरवत नेला की वळणे गुळगुळीत येतात. चित्राच्या आतली रिकामी जागा, उदाहरणार्थ कमरेवर ठेवलेल्या हाताच्या कोपरातली फट, बाहेरची कड कापण्याआधीच कापावी, कारण तोवर धरायला कागद शिल्लक असतो. कात्री किंचित तिरपी धरल्यास कड खालच्या बाजूने आत कापली जाते. पांढरी रेघ दिसत नाही आणि कड लवकर बुजते.

पार्श्वभूमीचे तुकडे, म्हणजे पंचांगाची पाने किंवा जुन्या पाठ्यपुस्तकातला मजकूर, हे कात्रीने न कापता हाताने फाडावेत. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे होतात, ती कड पातळ असते आणि शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते. कोणत्याही यंत्रावर तयार झालेला कागद एका दिशेने सरळ फाटतो आणि दुसऱ्या दिशेने वेडावाकडा. सरळ फाटण्याची दिशा ध्यानात ठेवावी, कारण ओला झालेला कागद तिच्या आडव्या अंगाने जास्त फुगतो आणि सुरकुत्या तिच्याच बाजूने उभ्या राहतात.

मांडणी

डिंकाची बाटली उघडण्यापूर्वी सगळे तुकडे ट्रंकेवर कोरडेच मांडून पाहावेत, दोन-तीनदा बदलावेत आणि पसंत पडलेल्या मांडणीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. झाकणावर मुख्य चित्र एक किंवा फार तर दोन असावीत. सगळीच चित्रे मोठी घेतली की कोणतेच दिसत नाही. मैदानाचे हस्तपत्रक, चित्रपटाची जाहिरात, गुळाची पट्टी आणि परदेशी गुलाबांची फुले एकाच झाकणावर आणण्यापेक्षा एक विषय धरावा. माझा कल मजकुराकडे जास्त आहे : जुन्या खिळ्यांच्या (सुट्या धातूच्या टाइपांच्या) छपाईतली अक्षरे, दुकानांच्या बिलांवरचे ठसे आणि आकडे यांनी भरलेली ट्रंक चित्रांनी भरलेल्या ट्रंकेपेक्षा जास्त दिवस पाहावीशी वाटते.

झाकणाची खाली वळलेली पट्टी खोक्याच्या तोंडावर जिथे सरकते, तिथे कागद लावू नये. कागद, डिंक आणि व्हार्निश मिळून जो थर होतो तेवढ्याने झाकण अडते, आणि जोर लावून उघडले की कागद सोलवटून निघतो. झाकण बंद करून खोक्यावर पेन्सिलीने त्याच्या कडेची रेघ ओढावी आणि कागद त्या रेघेच्या खालीच संपवावा. कडी-कोयंड्याचे स्क्रू निघत असतील तर ते काढून ठेवावेत. रिव्हेट असतील तर त्यांच्याभोवती अगदी थोडी जागा सोडून कागद कापावा.

चिकटवणे

पांढरा फेव्हिकॉल तीन भाग आणि पाणी एक भाग असे मिश्रण करावे. ते ताकाइतके पातळ झाले तर कागद फार भिजतो आणि फाटतो. घरची पिठाची खळ स्वस्त असली तरी तिला झुरळे आणि कसर लागते, पावसाळ्यात बुरशीही येते. पूर्वी त्यात मोरचूद घालत, पण ते विषारी असल्याने मुले हाताळणार असलेल्या वस्तूला वापरू नये.

तुकडा उलटा ठेवून मागच्या बाजूला ओला ब्रश फिरवावा आणि अर्धा मिनिट थांबावे. या अर्ध्या मिनिटात कागदाला जेवढे फुगायचे तेवढे तो फुगून घेतो. हे आधी झाले नाही तर ते ट्रंकेवर होते आणि तेथे सुरकुत्या येतात. मग पत्र्यावर आणि कागदाच्या पाठीवर, दोन्हीकडे, मिश्रणाचा पातळ हात द्यावा. कागद एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडावा आणि ओल्या बोटांनी मध्यापासून कडांकडे दाबत न्यावा. आतला जादा डिंक कडेने बाहेर येतो, तो ओल्या फडक्याने लगेच पुसावा. मोठ्या चित्रावर प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून त्यावरून जुने एटीएम कार्ड फिरवले तर हवा नीट निघते आणि कागदही खरवडत नाही.

यानंतरही काही बारीक लाटा दिसतीलच. त्या ओढून, खेचून काढू नयेत. कागद वाळताना पुन्हा आकसतो आणि त्यातल्या बहुतेक लाटा रात्रीतून आपोआप ताणल्या जातात. भिजलेला कागद ओढला तर मात्र फाटतो किंवा छपाई सोलते. दुसऱ्या दिवशीही फुगवटा राहिलाच, तर तो धारदार ब्लेडने छपाईतल्या एखाद्या रेघेवरूनच चिरावा, आत सुईच्या टोकाने डिंक सोडावा आणि दाबून ठेवावा. चिरलेली जागा शोधूनही सापडत नाही.

क्रम असा ठेवावा की आधी पार्श्वभूमी, ती वाळल्यावर मधली चित्रे आणि शेवटी लहान तुकडे. तुकडे एकमेकांवर तीन थरांपेक्षा जास्त चढू देऊ नयेत. ट्रंक पंख्याखाली वाळवावी. थेट उन्हात ठेवल्यास पत्रा तापतो, वरचा थर आधी आवळतो आणि कडा उचलल्या जातात. सगळे वाळल्यावर प्रत्येक कडेवरून नख फिरवून पाहावे आणि जेथे नख अडकेल तेथे बारीक ब्रशने डिंक घालावा. हे काम कंटाळवाणे आहे, तरी ते टाळू नये, कारण सुटलेल्या कडेखाली व्हार्निश शिरले की तेथे कायमचा काळसर डाग राहतो.

व्हार्निश

प्रथम त्याच डिंकाचे आणखी पातळ मिश्रण करून सगळ्या कागदावर दोन हात द्यावेत आणि एक दिवस थांबावे. कागदाची छिद्रे अशी बुजवली नाहीत तर तेलावर किंवा थिनरवर आधारलेले व्हार्निश कागदात मुरते, आणि तेल सांडलेल्या कागदासारखा तो पारदर्शक होतो. नवशिक्यांनी पाण्यावर आधारलेले स्वच्छ ॲक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) व्हार्निशच घ्यावे. ते कमी पिवळे पडते, वास कमी येतो आणि ब्रश पाण्याने धुता येतो. स्पिरिटमधली लाख पॉलिश सुंदर मधाळ रंग देते, पण पाण्याचा आणि उष्णतेचा मारा तिला सोसत नाही.

हात पातळ द्यावेत आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्यावा. पहिले चार हात होईपर्यंत घासू नये, कारण तोवर थर पातळ असतो आणि कागदच घासला जातो. पाचव्या हातानंतर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून अगदी हलका फिरवावा, पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसावी आणि पुढचा हात द्यावा. घासताना उंच कडा झिजतात आणि खोलगट जागा पुढच्या हाताने भरतात, असे करत सगळा पृष्ठभाग एका पातळीवर येतो. ८ ते १० हातांत साधारण कागदाची कड बोटाला लागेनाशी होते. पावसाळी दिवशी काम करावेच लागले तर व्हार्निशवर धुक्यासारखा पांढरेपणा येतो का ते पाहावे, आणि आला तर हवा कोरडी होईपर्यंत पुढचा हात देऊ नये.

हाताला कोरडे लागणारे व्हार्निश आतून अजून मऊ असते. निदान तीन आठवडे ट्रंकेवर काही ठेवू नये, आणि तोवर झाकण पूर्ण बंद न करता मध्ये लाकडाची पट्टी अडकवून ठेवावी, नाहीतर झाकण आणि खोके एकमेकांना चिकटतात.

आतली बाजू

आत कोलाज करण्याचा हट्ट धरू नये. प्रायमर आणि रंगाचा एक हात द्यावा, आणि कपडे ठेवायचे असल्यास जुन्या सुती साडीचे अस्तर तळाला नुसते अंथरावे, म्हणजे ते काढून धुता येते. खाण्याचे पदार्थ अशा ट्रंकेत उघडे ठेवू नयेत. वर चहाचे कप ठेवायचे असतील तर झाकणाच्या मापाची काच कापून घ्यावी, कारण गरम कपाखाली व्हार्निश मऊ होऊन गोल वण उमटतो. पुसताना फडके ओले नको, दमट असावे. शेवटी कडी-कोयंडा परत बसवून बिजागऱ्यांना शिलाई मशीनचे तेल द्यावे, तेही काडीच्या टोकाने एकेक थेंब, आणि लगेच टिपून घ्यावे. जास्त झालेले तेल बिजागरीच्या मागून कागदाच्या कडेत शिरते.